मुंडकं कुणाच्या नावावर

‘मारला कुणी?’

चहात साखर किती, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात वन अधिकारी राजश्री मॅडमनी हे विचारलं, आणि रेणुकादासांच्या पोटात जे काही हललं ते खुर्चीपर्यंत पोचलं. निदान त्यांना तसं वाटलं. लातूरकडच्या माणसाची ही भूकंपापासूनची खोडच असते: खुर्ची हलली की आधी वर पंख्याकडे बघायचं आणि मग स्वतःकडे. पंखा गरागरा फिरत होता, त्यावरून काही कळेना. मग त्यांनी टेबलावरच्या ग्लासातलं पाणी पाहिलं. पाणी निवांत होतं. म्हणजे धरणी जागेवर होती, जे झालं ते आपल्याच आत झालं. आणि ते समोरच्या बाईंना दिसलं असेल का, या विचारानं ते आणखी एकदा हलले. प्रश्न तसा सोपा होता. उत्तर एका शब्दाचं होतं. अडचण एवढीच, की ते उत्तर खरं होतं, आणि ते ऐकून नांदेड-लातूरच काय, मुंबईच्या बंदरापर्यंत एकही शहाणा माणूस त्यावर विश्वास ठेवणार नव्हता.

कारण रेणुकादासांकडे बघून असं काही वाटावं अशी सोयच देवानं ठेवली नव्हती. माहूरच्या देवीला नवस बोलून झालेलं पोर, म्हणून नाव रेणुकादास. अंगानं असे, की भरल्या ॲटोत ड्रायव्हरच्या शेजारी चौथे म्हणून बसले तरी कुणी कुरकुर करत नसे. घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही. चाळिशी ओलांडली होती, आणि गेली पंधराएक वर्षं ते लातूरच्या ‘अचूक क्लासेस’चे हिशेब बघत होते. हिशेब म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी नव्हे. प्रवेशाच्या हंगामात क्लासच्या दारात पालकांच्या चपला पडत, त्या चपलांवर एक नजर टाकून ते सांगत: या जोडाची फी एकदम येणार, या जोडाची हप्त्यानं येणार, आणि तो कोपऱ्यातला अंगठा शिवलेला जोड आहे, तो फी सगळ्यांच्या आधी भरणार आणि पोराला सगळ्यात जास्त रडवणार. माणसं वाचायची त्यांना अशी सवय होती. आणि आता मॅडम आपल्याला वाचत आहेत, हेही त्यांना स्वच्छ वाचता येत होतं.

व्हरांड्यात पेटी उघडून ठेवली होती. परदेशी लाकडाच्या पांढुरक्या फळ्या, त्यावर शिक्क्यांवर शिक्के, कस्टमचं शिशाचं सील सटवाजी वनरक्षकानं थोड्या वेळापूर्वी पंचांसमोर तोडलं होतं. पहारीनं फळी उचकटताना खिळे असे किंचाळले, की पंच म्हणून पकडून आणलेला समोरचा झेरॉक्सवाला दोन पावलं मागं सरला. भुसा बाजूला केला, प्लास्टिक फाडलं, आणि आतून आफ्रिकेतल्या रानरेड्याचं ते मानेपासूनचं प्रचंड मुंडकं बाहेर बघू लागलं. कपाळावर मधोमध भांग पाडून दोन्हीकडं चापून बसवल्यासारखी शिंगं. काचेचे डोळे. ओलसर दिसावी म्हणून रोगण लावलेली काळी नाकपुडी. सटवाजीनं पहार भिंतीला टेकवली, कमरेवर हात ठेवले आणि निकाल दिला, ‘मॅडम, ह्यो आपला हल्याच हाय की! भांग पाडून फोटोला बसल्यावानी दिसून राहिला. एवढ्यासाठी इमानानं जायाची काय गरज होती? देगलूरच्या बाजारात लई भेटले असते.’

सगळे हसले. रेणुकादासही हसले, दुसऱ्याच्या विनोदाला वेळेवर हसणं हाही त्यांच्या नोकरीचा भाग होता. पण त्यांचं लक्ष मुंडक्याकडं नव्हतंच. ते त्याच्याकडं बघायचं टाळत होते, आणि टाळतोय हे दिसू नये म्हणून अधूनमधून बघत होते.

ते इथवर आलं कसं, हा हिशेब त्यांच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. श्रीनाथ सर म्हणजे ‘अचूक’चे मालक. फिजिक्स असं शिकवत, की पोरं वहीऐवजी तोंडाकडं बघत राहायची. त्यांनी हैदराबादच्या एका बिल्डरच्या दिवाणखान्यात भिंतीवर लावलेलं असलं मुंडकं पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. नांदेडची शाखा निघायची होती. लातूरचे सगळे क्लासवाले नांदेडला दुकान थाटत होते, तिथल्या भाग्यनगर भागात चालताना माणसाच्या डोक्याला फ्लेक्सचे दोर लागत होते. त्या गर्दीत दारातून आत शिरल्याबरोबर पालकाच्या छातीत धस्स झालं पाहिजे, असं सरांचं म्हणणं. टांझानियात कायद्यानं शिकार करता येते, पैसे भरा, परवाना घ्या, मारा, आणि मुंडकं भुसा भरून घरपोच. दोघांचं पॅकेज एकाच्या दीडपटीत मिळत होतं. सरांच्या बायकोनं विमानात बसायला साफ नकार दिला. मग सर म्हणाले, ‘राव, तुम्हीच चला. तेवढंच तिकडं खिचडी टाकायला आपलं माणूस.’ परवाना दोघांच्या नावानं निघाला, कारण पॅकेजच तसं होतं. रेणुकादासांनी बायकोला, विशाखाला, सांगितलं, जंगल बघायला जातोय. विशाखा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं विचारलं, ‘नुसतं बघायला?’ आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा भरून दिला.

मग बंदर. चार महिने पेटी बंदरात पडून होती आणि दर सोमवारी क्लिअरिंग एजंटचा फोन येई. ‘साहेब, सगळं झालंय, फक्त एक कागद कमी आहे.’ तिकडच्या सरकारचा निर्यात परवाना झाला तर इकडचा आयात परवाना. तो झाला तर कातड्यात किडे, रोगजंतू नाहीत असं जनावरांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र. ते झालं तर वन्यजीववाल्यांचं ना हरकत. प्रत्येक कागदावर शिकारी म्हणून एकच नाव होतं, रेणुकादासांचं. एजंट हुशार होता. तो म्हणाला, ‘कस्टमवाले विचारणार, माल धंद्यासाठी की स्वतःसाठी? स्वतःसाठी म्हणा. आणि एकदा म्हणालात की मरेपर्यंत तेच म्हणा.’ रेणुकादासांनी हे अक्षरशः मनावर घेतलं. रस्त्यात कुणी नमस्कार केला तरी त्यांच्या तोंडातून ‘स्वतःसाठी’ येईल की काय, अशी त्यांना धास्ती पडली. क्लासचा शिपाई मात्र खूश होता. तो सगळ्यांना सांगे, आपल्या रावसाहेबांना परदेशात ट्रॉफी मिळाली.

आणि मग सरांनी ती चूक केली; जी कदाचित लातूरच्या क्लासवाल्यालाच सुचू शकते, कारण त्याला ती चूक वाटतच नाही. पेटी बंदरातून सुटायच्या आधीच नांदेडभर पत्रकं वाटली गेली. वर मोठ्या अक्षरात ‘नेम धरायला शिका!’ खाली आडव्या पडलेल्या रेड्याच्या मानेवर हात ठेवून, बंदूक खांद्याला लावून बसलेले श्रीनाथ सर. ‘आफ्रिकेच्या जंगलात रानरेड्याला एका गोळीत लोळवणारे सर आता तुमच्या शहरात.’ पेटी पोचवायचा पत्ताही सरांनी नांदेड शाखेचाच टाकला होता. शेजारच्या कुठल्यातरी क्लासवाल्यानं पत्रक पाकिटात घातलं आणि वरती पाठवून दिलं. कागदावर एक शिकारी, पत्रकावर दुसरा. वन्यजीववाल्यांनी सील न तोडता पेटी नांदेडच्या वन कार्यालयात पाठवली: खात्री करा, मग काय ते करा. कागद चुकीचा निघाला तर खोटी माहिती दिली म्हणून गुन्हा, आणि तो कागदावर नाव असेल त्याच्यावर. वकिलानं हे सांगितलं त्या दिवसापासून रेणुकादासांना जेवण जात नव्हतं.

आता ते पत्रक मॅडमच्या टेबलावर काचेखाली ठेवलं होतं. काचेखाली का, हे रेणुकादासांना कळेना. काचेखाली लोक देवाचे फोटो ठेवतात, लेकराबाळांचे ठेवतात.

‘रावसाहेब, मी निलंग्याची,’ मॅडम म्हणाल्या. वय तिशीच्या जरा पुढं, आवाजात घाई नाही. ‘माझ्या मामेबहिणीला बारावीला चांगले मार्क पडले. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो तीन क्लासेसच्या बोर्डावर. तिन्हीकडून पेढे आले, तिन्हीकडून शाल. पोरगी अभ्यास करत होती माझ्या खोलीत, माझ्या नोट्स घेऊन. मला पेढा पण दिला न्हाई कुणी.’ त्या हसल्या. ‘तसलंच काही हाय का हे? मार्क एकाचे, फोटो दुसऱ्याचा?’

रेणुकादासांना घाम फुटला, कारण पेढे घेऊन जायचं काम दरवर्षी त्यांच्याकडंच असे. निकालाच्या दिवशी गाडी काढायची, पोराच्या घरी जायचं, बापाच्या गळ्यात हार, आईच्या हातात पुडा, पोराच्या हातात क्लासचा बोर्ड, फोटो. ते पोर एकदा सराव परीक्षेला येऊन गेलेलं असलं की बस. निकाल कुणाचा, हे ट्यूशन एरियात कुणी विचारत नाही. फोटो आधी कुणी लावला, हे विचारतात. अशा कितीतरी बापांची तोंडं त्यांना आठवली. ते बाप गोंधळलेले असत, पण हार गळ्यात पडला की हळूहळू त्यांनाही वाटू लागे, की असेल, पोरगं शिकलं असेल तिथंच. माणूस हाराला लवकर फसतो. आपल्याला कुणी हार घातला नाही, हा विचार त्यांच्या मनात असा अचानक आला, की त्यांनी तो खाकरून गिळला.

‘मॅडम, नियमाप्रमाणं…’ त्यांनी सुरुवात केली.

‘नियम मला ठाव हाय. मारला कुणी ते सांगा.’

शेजारच्या खुर्चीत श्रीनाथ सर पायावर पाय टाकून बसले होते. ते मध्येच म्हणाले, ‘मॅडम, त्याचं काय आहे, शिकार ही टीमवर्क असते. क्रिकेटमध्ये कॅच कोण घेतो आणि विकेट कुणाच्या नावावर लागते…’

‘सर,’ मॅडम म्हणाल्या, ‘तुमचा तास नंतर. आत्ता यांचा चालू हाय.’

सर गप्प झाले. सरांना कुणी गप्प केलेलं रेणुकादासांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि ते करणारा माणूस नव्हता. ती दुपार त्यांना आठवू लागली. मॅडमसमोर बसल्या बसल्या, पंख्याच्या वाऱ्यात. लाल माती, काट्यांची झुडपं, उन्हाचा असा झोत की डोळे मिटले तरी आत लाल. गोरा म्हातारा वाटाड्या पुढं, तीन काठ्यांची तिवई घेतलेला त्याचा माणूस मागं, मग सर, मग डब्याची पिशवी घेऊन रेणुकादास. तिवईवर बंदूक टेकवून सरांनी नेम धरला तेव्हा ते वर्गात सूत्र लिहितात तसे दिसत होते. सगळं ठरलेलं, सगळं येतंय. गोळी सुटली. रेडा पडला नाही. त्यानं फक्त वळून पाहिलं, हाक मारल्यासारखं, आणि झुडपात शिरला. पोटात लागली, असं म्हाताऱ्यानं बोटानं स्वतःचं पोट दाखवून सांगितलं, आणि सिगारेट पेटवली. जनावर दमेपर्यंत थांबायचं अशी तिकडची रीत. थोड्या वेळानं आतून हंबरणं सुरू झालं. सर एका झाडाखाली बसले, चेहरा चुन्यासारखा. ‘राव, माझी शुगर लो झाली वाटतं. काही आहे का?’ रेणुकादासांनी राजगिऱ्याचा लाडू दिला. तो देताना त्यांच्या बोटांना गूळ लागला. नंतर गालालाही लागला, बंदुकीच्या लाकडाला लागला, तो चिकटपणा त्यांना अजून आठवतो. सरांच्या मांडीवरची बंदूक म्हाताऱ्यानं उचलली. तो स्वतःच पुढं निघाला असावा, पण रेणुकादासांचा हात पुढं झाला होता. हात पुढं झाला हे त्यांना बघितल्यावर कळलं. म्हाताऱ्यानं भुवया वर केल्या. रेणुकादासांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, कॉलेजात एनसीसी, थोडं थोडं येतं. म्हाताऱ्यानं खांदे उडवले. ते झुडपात गेले. पुढचं त्यांना आठवत नसे. म्हणजे आठवे, पण मन तिथून असं पुढं सरके, जसं झोपलेल्या माणसाच्या उशाशी ठेवलेली वस्तू उचलून आपण चवड्यांवर बाहेर येतो. आठवे ते त्यानंतरचं: खांद्याला बसलेला दणका, कानात शिट्टी, आणि रेडा आडवा. सर आले, पाणी प्यायले, केस नीट केले आणि फोटोला बसले. फोटो रेणुकादासांनीच काढला. संध्याकाळी तंबूत म्हाताऱ्यानं फॉर्म भरताना त्यांना त्यांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं तेव्हा सर हसले होते, ‘लिहू द्या हो. भिंतीला काय वाचता येतंय?’

खांदा काळानिळा पडला होता. विशाखानं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, विमानात वरून बॅग पडली.

‘मी मारला,’ रेणुकादास म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. दारात उभ्या असलेल्या सटवाजीनंही पाहिलं, आणि त्याला हसू आवरेना. ‘मालक, तुमी?’ तो म्हणाला. ‘तुमच्यानं कोंबडं तर धरलं जाईल का?’

‘सटवाजी, चहा सांगा,’ मॅडम म्हणाल्या, पण त्यांनाही तेच वाटत होतं, हे स्पष्ट होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘रावसाहेब, घाबरू नका. मी तुम्हाला तीन रस्ते सांगते. सरांनी मारला असं म्हणालात, तर परवान्यावर खोटं लिहिलं गेलं. मुंडकं जप्त, तुमच्यावर केस; सरांचं बघू. तुम्ही मारला असं म्हणालात आणि मला पटलं, तर ते तुमचं. पण मग ते तुमच्या राहत्या घरी राहणार. भिंतीवर लावा, न्हाईतर पलंगाखाली ठेवा, आम्ही येऊन बघून जाऊ. क्लासमध्ये न्हाई, कुणाला देता येणार न्हाई, विकता येणार न्हाई. आणि तिसरं, नको म्हणून लिहून द्या. सरकार ते जाळून टाकील. फाईल बंद, तुम्ही घरी.’

खोलीत एकदम हवा बदलली. हे सरांना माहीत नव्हतं. पेटी सुटली की मुंडकं शाखेच्या भिंतीवर, इतकंच त्यांच्या हिशेबात होतं. त्या भिंतीवर त्यांनी आधीच खास दिवे लावून घेतले होते. सर रेणुकादासांच्या कानाशी वाकले, अगदी प्रेमानं. ‘राव, तिसरं. सोडून द्या. जाळू द्या सरकारला.’ मग आवाज आणखी खाली. ‘तुमच्या हॉलमध्ये लटकलं आणि लोक बघायला यायला लागले, तर माझं पत्रक कुठं जाईल? माझी इज्जत ती तुमची इज्जत. खामखा कशाला?’

यात धमकीचा एक शब्दही नव्हता; तरी रेणुकादासांना ती बरोबर दिसली, जशी चपलेच्या अंगठ्यावरची शिवण दिसे. तिसरा रस्ता सरळ होता. पोट हलायचं थांबेल, जेवण जाईल, नोकरी राहील, विशाखाला काही कळणार नाही. आयुष्यभर ते अशाच रस्त्यानं चालत आले होते. त्यांनी तोंड उघडलं ते ‘नको’ म्हणायलाच. पण दाराच्या चौकटीतून त्यांना शिंगाचं टोक दिसत होतं, आणि त्यांच्या तोंडून वेगळंच निघालं.

‘मॅडम, त्र्याण्णव साली मी किल्लारीच्या बाजूला होतो.’

मॅडमचा हात थांबला. निलंग्याच्या माणसासमोर ते साल काढलं की पुढचं कुणी अडवत नाही. हे रेणुकादासांना माहीत होतं, आणि माहीत असूनही ते बोलत गेले. गणपती बुडवून लोक झोपले होते ती पहाट. एनसीसीची पोरं जीपनं गेलेली. रेणुकादासांना चादरी आणि बिस्किटं वाटायला बसवलं होतं, लिहायला-मोजायला बरा म्हणून. सतत पाऊस. दगडमातीच्या ढिगाजवळ तारामती नावाची एक बाई बसलेली, तिची सगळी माणसं गेलेली, आणि ढिगात तिची म्हैस मानेपर्यंत गाडलेली, जिवंत, हंबरत. ‘साहेब, हिला कुणी तर मोकळी करा हो. ऐकवत न्हाई,’ असं ती म्हणत होती. ते जवानाकडं गेले. जवान म्हणाला, आधी माणसं, बेटा. बरोबरच होतं त्याचं. म्हैस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हंबरत होती आणि ते चादरी मोजत होते. ‘आणि तिकडं आफ्रिकेत, तो झुडपात हंबरायला लागला, तेव्हा…’

ते थांबले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सटवाजी चहाचे कप घेऊन दारातच उभा राहिला होता, त्याचं हसू गेलं होतं. ‘आमच्या चुलत्याची बी दावण तशीच गेली,’ तो हळूच म्हणाला. मॅडमनी पेन उचललं आणि लिहायला लागल्या. पटलं होतं. सरांनीही त्यांच्याकडं नव्या नजरेनं पाहिलं. ‘राव, हे तुम्ही कधी बोलला नाहीत,’ असं पुटपुटले, आणि त्या नजरेत पुढचं पत्रक छापायला सुरुवात झालेली रेणुकादासांना दिसली. सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण त्यांना शिसारी आली. गोष्ट खरी होती. म्हैस खरी होती, बाई खरी, पाऊस खरा, हंबरणंही खरं. फक्त मार्च महिन्यात खातं जुळत नसलं की एखादी जुनी नोंद शोधून तिथं बसवतात, तशी ती बसवलेली होती. विमानात परत येताना त्यांनीच ती बसवली होती, पहिल्यांदा स्वतःसाठी. कुणाच्या तरी मेलेल्या म्हशीच्या गळ्यात त्यांनी हार घातला होता आणि फोटो काढला होता.

‘मॅडम, ते लिहू नका,’ ते म्हणाले.

‘का?’

‘ते नंतर जुळवलं. त्या वेळी मला काहीच आठवलं नव्हतं. म्हैस नाही, ती बाई नाही, काही नाही.’

‘मग का मारला?’

रेणुकादासांनी हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला. ‘मी झुडपात गेलो. तो झाडाला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं कधी. म्हणजे हा काही करू शकतो, असं. गाल टेकवला, श्वास धरला, एनसीसीत शिकवतात तसा. आणि मला… तो पडायला हवा होता. हंबरत होता म्हणून नव्हे. हंबरत नसता तरी. तो पडला तेव्हा मला बरं वाटलं. मॅडम, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. लेक झाली तेव्हासुद्धा नाही.’

सटवाजीनं चहा टेबलावर ठेवला आणि तो मागं सरला, मघाच्या त्या झेरॉक्सवाल्यासारखा. त्याच्या डोळ्यांत आता रेणुकादासांविषयी जे होतं त्याला आदर म्हणता आला नसता. पण कोंबडं धरण्याचा विषयही तिथं उरला नव्हता. मॅडमच्या डोळ्यांतलं पाणी सुकलं होतं. त्यांनी आधी लिहिलेल्या ओळींवर काट मारली, पान पालटलं आणि विचारलं, ‘हे असंच लिहू?’

‘लिहा.’

‘बरं वाटलं, हे पण?’

‘ते पण.’

लिहून झाल्यावर त्यांनी जबाब वाचून दाखवला. सरकारी मराठीत ते फार थंड ऐकू आलं: सदर जनावर मी स्वतः, स्वखुशीने व स्वतःच्या समाधानासाठी मारले. ‘असं खोटं कुणी सांगत न्हाई,’ मॅडम म्हणाल्या. त्या त्यांच्याकडं बघत नव्हत्या. ‘सही करा. घरचा पत्ता घाला. लातूरचा.’ सर उठून बाहेर गेले होते; व्हरांड्यातून त्यांचा आवाज येत होता, फोनवर कुणाला तरी सांगत होते, की भिंतीवरचे दिवे काढून घ्या.

टेम्पो दुपारनंतर निघाला. पेटी मागं दोरांनी आवळलेली, रेणुकादास ड्रायव्हरशेजारी. लोहा गाव मागं पडलं, अहमदपूरचा चढ आला. उन्हात तुरीची शेतं, मधूनच एखाद्या क्लासचा बोर्ड, त्यावर हसणारी पोरं. आपल्याला भीती वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग लगेच वाटू लागली. पण ती नेहमीची नव्हती. नेहमीची भीती बाहेरून येई, कागदातून, फोनमधून, सरांच्या खाकरण्यातून. ही त्यांच्याच शेजारी, सीटवर, मांडीला मांडी लावून बसली होती. दगडासारख्या शांत माणसाच्या आत काय काय असतं, हे त्यांनी पंधरा वर्षं चपलांवरून ओळखलं होतं. स्वतःच्या चपला त्यांनी दारात कधी पाहिल्या नव्हत्या.

फोन वाजला. विशाखा होती. मागं तिच्या वर्गातली पोरं पाढे म्हणत होती.

‘अहो, सरांचा फोन आला होता शाळेत. उद्यापासून तुम्हाला येऊ नका म्हणाले. नीट बोलले पण नाहीत. काय केलंत तुम्ही?’

‘विशाखा, एक वस्तू घेऊन येतोय घरी. मोठी आहे.’ त्यांनी ड्रायव्हरकडं पाहिलं. तो रस्त्याकडं बघत होता, पण कान इकडं. ‘तो रेडा सरांनी मारला नव्हता. मी मारला.’

पलीकडं फक्त पाढे. ते वाट बघत राहिले. आता देवी निघेल, कुळाचार निघेल, लेकीच्या लग्नाचं निघेल. रडेल, किंवा सटवाजीसारखी हसेल. प्रत्येकाचं उत्तर त्यांच्याकडं तयार होतं.

‘तुम्ही झोपेत हसता,’ विशाखा म्हणाली.

‘काय?’

‘तिकडून आल्यापासून. रोज नाही, पण हसता. मोठ्यानं नाही. असं, आतल्या आत, गोड काही खाल्ल्यासारखं. मी उठून बसते. तुमच्याकडं बघत राहते.’ तिनं आवाज खाली आणला. ‘मला वाटलं होतं, तिकडं कुणी बाई भेटली.’

‘नाही गं,’ रेणुकादास घाईनं म्हणाले. ‘बाई कुठली! शपथ. तसलं काही नाही.’

‘हो. कळलं आता.’ तिनं कुणातरी पोराला हळूच दटावलं, मग परत फोनवर आली. आवाज रागाचा नव्हता, रडण्याचाही नव्हता; परक्या माणसाशी नीट बोलावं तसा होता.

‘बाई असती तर बरं झालं असतं,’ ती म्हणाली.